अंगणाची लाइन

मम्मी गेली तेव्हा आमच्या मीटरच्या पेटीतला एक स्विच वर होता. तो खाली असायला हवा होता. खाली करायला तिनं मला सांगितलं होतं आणि मी विसरले होते. चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं तेव्हा पप्पा म्हणाले, मीच वर ठेवला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि गप्प राहिले. गप्प राहणं मला लहानपणापासून जमतं. पुढची दोन वर्षं मी ते तसंच चालू दिलं.

तो स्विच कशाचा होता हे आधी सांगायला हवं.

पप्पा वायरमन आहेत. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात ते मेंटेनन्सला आहेत, आणि तेव्हा रविवारी लोकांच्या घरांचं वायरिंगही करायचे. उस्मानपुऱ्यातल्या कितीतरी घरांत त्यांच्या हातचं काम आहे. गिऱ्हाईक कुणीही असो, ते मीटरजवळ ईएलसीबी बसवायचेच. लोक हुज्जत घालायचे. एमसीबी आहे ना, मग अजून एक डबी कशाला? पप्पांचं उत्तर ठरलेलं होतं. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, हे माणूस जळू नये म्हणून. मग ते हात पुढं करून समजावून सांगायचे, की घरात जेवढा करंट गेला तेवढाच परत आला पाहिजे. जरा जरी कमी आला, तर तो वाटेत कुणाच्या तरी अंगातून जमिनीत गेला असं ही डबी समजते आणि डोळा लवायच्या आत लाइट घालवते. काही दिवसांनी त्याच लोकांचे फोन यायचे की डबी सारखी पडतेय, काढून टाका, डायरेक्ट करा. पप्पा चिडायचे. "ती पडायलीय म्हणजे ती बोलायलीय. तिचं तोंड बंद करून काय उपयोग? घरात कुठं गळायलंय ते हुडका."

मला इंग्रजी शाळेत घातलं होतं. शाळेत मी इंग्रजीतही फारसं बोलायचे नाही आणि घरी मराठीतही, त्यामुळे त्या शिक्षणाचं काय झालं हे पाहुण्यांना कधी कळलं नाही. पप्पांना मात्र त्याचा एक उपयोग होता. नव्या सामानाच्या खोक्यात निघणारी बारीक अक्षरांची माहितीपत्रकं ते घडी घालून खिशातून आणायचे आणि मी त्यांना वाचून दाखवायचे. काम त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी जास्त कळायचं. पण छापलेलं ऐकताना ते शाळेत बसल्यासारखे बसायचे. डबीवर चाचणीचं एक बटण असतं, ते महिन्याला एकदा दाबून बघावं, असं एका पत्रकात होतं. ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला मी स्टुलावर चढून बटण दाबायचे, घर एकदम गप्प व्हायचं, आणि आतून मम्मी म्हणायची, "आल्या का मॅडम तपासणीला?"

घरातलं सगळं लोखंड पप्पांनी हिरव्या वायरनं एकमेकांना जोडलं होतं. नळाची पाइप, खिडकीचे गज, मोटर, अंगणातल्या कूलरचं लोखंडी स्टँड. एकात करंट उतरला तर तो सगळ्यांत सारखा उतरला पाहिजे, म्हणजे दोन्ही हातांत दोन वेगळ्या वस्तू असल्या तरी माणसातून तो वाहत नाही, असं ते सांगायचे. मला हे बरीच वर्षं उलटं वाटायचं. सगळ्या वस्तूंना करंट द्यायचा आणि त्याला सुरक्षित म्हणायचं. त्या हिरव्या वायरी शेवटी घरामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात जायच्या. खड्ड्यात मीठ-कोळसा आणि तांब्याची पट्टी, आणि वर पाणी ओतायला एक पाइप. माती ओली असेल तरच ती करंट ओढून घेते. उन्हाळ्यात चार दिवसाला एक बादली तरी त्यात गेली पाहिजे, असा पप्पांचा नियम होता.

आणि आमच्याकडे नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायचं.

त्या बादलीवरून दर उन्हाळ्यात घरात बोलणं व्हायचं. मम्मी एका दवाखान्यात आया होती. दिवसभर तिथं फरशा पुसून ती घरी यायची आणि उरलेलं पाणी भांड्याभांड्यानं वाटायची. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं पाणी संडासाला. त्यात जमिनीला पाजायला चांगली भरलेली बादली मागितली की ती कंबरेवर हात ठेवायची. "माणसाला प्यायला नाय अन् तुमच्या खड्ड्याला पाजायचं. दुसरी बायको हाय का काय तुमची तिथं पुरलेली?" पप्पा हसायचे आणि बादली स्वतः उचलून न्यायचे. पप्पांची दिवसपाळी लांबली, ओव्हरटाइम आला, की बादली राहायची. मम्मी स्वतःहून ती कधीच ओतायची नाही. मीही ओतायचे नाही. तिला राग येईल म्हणून.

पाण्याच्या दिवशी गल्लीत प्रत्येक घरासमोर मोटर लागायची. मोटर लावल्याशिवाय पाणी टाकीत चढतच नव्हतं. आमची मोटर जुनी होती. तिच्यात ओल शिरली होती आणि ती सुरू केली की पाच मिनिटांत डबी पडायची. पुन्हा लावायची, पुन्हा पडायची. तोवर शेजारच्या मोटरी सगळं पाणी ओढून घ्यायच्या. एकदा पाणी येऊन गेलं आणि आमची टाकी अर्धीच भरली. त्या आठवड्यात मम्मी शेजारच्या काकूंच्या घरी जाऊन अंघोळ करून आली. आल्यावर ती पप्पांसमोरून ओले केस घेऊन दोनदा गेली.

त्या रविवारी पप्पांनी मीटरच्या पेटीत एक चेंजओव्हर स्विच बसवला. अंगणातल्या बोर्डाची लाइन त्यावर घेतली. स्विच खाली असला की ती लाइन डबीतून जायची. वर केला की डबी टाळून सरळ. मोटरपुरतं, पाण्याच्या दोन तासांपुरतं, असं ठरलं. अंगणाच्या बोर्डावर दोनच गोष्टी होत्या, मोटर आणि कूलर. मोटरची वेगळी लाइन ओढतो आणि तिचं वायंडिंग पण करून घेतो, असं पप्पा म्हणाले, पुढच्या महिन्यात. दुसऱ्यांच्या घरी ज्या गोष्टीवरून ते भांडायचे तीच गोष्ट ते आपल्या घरी करत होते हे त्यांना कळत होतं. स्विच बसवताना ते एक शब्दही बोलले नाहीत, हे मला आठवतं. एरवी काम करताना ते सारखं बोलतात.

तो स्विच वर-खाली करायचं काम मम्मीचं होतं. पाणी गेलं, मोटर बंद केली, की ती ओल्या हातानंच पदर धरून पेटीपर्यंत जायची, आधी हात पुसायची आणि मग स्विच खाली करायची. जवळजवळ एक वर्ष तिनं ते एकदाही चुकवलं नाही.

तो मे महिन्यातला सोमवार होता, मम्मीच्या सुट्टीचा. पाणी सकाळी येणार असा गल्लीच्या ग्रुपवर मेसेज होता आणि ते आलं दुपारी चारला. साडेचारला माझी मुलाखत होती, पुण्याच्या एका कंपनीची, लॅपटॉपवर. मी बावीस वर्षांची होते आणि अनोळखी माणसांशी बोलायचं म्हणून सकाळपासून आरशासमोर उत्तरं म्हणून बघत होते. स्विच वर करून मोटर मम्मीनंच लावली. सव्वाचारच्या सुमारास दवाखान्यातून फोन आला, एक बाई आली नाही, तू ये. तिनं साडी बदलली, चप्पल घातली, आणि माझ्या खोलीच्या दारात येऊन म्हणाली, "पाणी गेलं की मोटर बंद कर. अन् स्विच खाली कर गं. ध्यानात ठेव."

मी म्हणाले, हो.

मुलाखत चांगली झाली. मधेच मोटरचा आवाज बदलला, कोरडी फिरायला लागली, तशी मी समोरच्या माणसांना एक मिनिट मागितलं, पळत जाऊन मोटरचं बटण बंद केलं आणि परत येऊन बसले. धाप लागली होती म्हणून ते हसले, मीही हसले. पेटीकडे मी गेलेच नाही. संध्याकाळी मम्मी आली तेव्हा तिनं मुलाखतीचं विचारलं, टाकी भरली का विचारलं. स्विचचं विचारलं नाही. सांगितलं होतं, आणि मी हो म्हणाले होते.

मंगळवारी काही झालं नाही. कूलर दोन्ही दिवस चालला.

बुधवारी संध्याकाळी पाचच्या सुमाराला मम्मी कूलरमध्ये पाणी भरत होती. पत्र्याचा कूलर, खिडकीबाहेर अंगणात. चालू कूलरमध्ये पाणी भरायचं नाही हे तिला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं, आणि सगळेच तसं भरतात, कारण बंद केला की घर तापतं. आतल्या छोट्या पंपाच्या वायरला एक जोड होता, टेप लावलेला. तो नेहमी पाण्याच्या वर राहायचा. त्या दिवशी पाणी मुबलक होतं म्हणून तिनं एक बादली जास्त ओतली. हे सगळं आम्हाला नंतर कळलं. मी आत होते. मला बादली पडल्याचा आवाज आला. बादली पडली की मम्मी नेहमी स्वतःलाच काहीतरी बोलते. ती काहीच बोलली नाही.

मी बाहेर आले. तिला हात लावायचा नाही हे मला कळत होतं. पप्पांनी ते मला इतक्या लहानपणी शिकवलं होतं की मी विचार न करता मागं फिरले, पेटीकडे पळाले आणि मेन बंद केला. मेनच्या शेजारी तो स्विच वर होता. मी तो बघितला. मग मी मम्मीकडे गेले.

शेजारच्या काकू आल्या, रिक्षा आली. दवाखान्यात पोचायच्या आधीच सगळं संपलं होतं असं डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी चौकशीला विद्युत निरीक्षक कार्यालयातले साहेब आले. त्यांनी अर्थिंगचा खड्डा बघितला. तो पार वाळला होता, भेगा पडल्या होत्या. त्यामुळे कूलरच्या पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत जाऊ शकला नाही, आणि एमसीबी पडण्याइतका तो वाढलाही नाही. तिथं फक्त डबीच कामाला आली असती. डबी चांगली होती. त्यांनी बटण दाबून बघितलं, ती पडली. मग ते पेटीसमोर बराच वेळ उभे राहिले आणि पप्पांना विचारलं, हा स्विच कुणी बसवला. पप्पा म्हणाले, मी.

"आणि वर कुणी ठेवला?"

"मीच."

साहेब मोठ्या वयाचे होते. त्यांनी लिहिणं थांबवलं आणि हळू आवाजात विचारलं, तुम्ही स्वतः वायरमन आहात ना. पप्पांनी मान हलवली. तेव्हा मी दोन पावलं पुढं जायला हवं होतं. मध्ये फक्त एक खोली होती.

अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली आणि फाइल मिटली. पाचव्या दिवशी भंते आले, जलदान विधी झाला. ताटातल्या पेल्यात तांब्यातून पाण्याची धार सोडली जात होती आणि पेला भरून पाणी ताटात सांडत होतं. मी फक्त त्या धारेकडे बघत होते. इतकं पाणी आमच्या घरात कधी कुणी असं वाहू दिलं नव्हतं. पप्पांच्या खांद्याला खांदा लावून मी बसले होते.

मम्मीचा मोठा भाऊ, माझे मामा, करमाडला राहतात आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत आहेत. विधी संपेपर्यंत ते शांत होते. पाहुणे जेवायला बसले तेव्हा ते पप्पांसमोर येऊन उभे राहिले. एरवी ते पप्पांना दाजी म्हणायचे. त्या दिवशी दाजी म्हणाले नाहीत.

"लोकांच्या घरात वायरी ओढल्या अन् आपल्या घरात फास ओढला. माझी बहीण तुमच्या हातानं गेली."

पंगतीतले हात थांबले. पप्पा खाली बघत म्हणाले, "व्हय." एवढंच. मामा न जेवता निघून गेले, आणि त्यानंतर त्यांनी आमच्या घरात पाऊल ठेवलं नाही.

मला वाटत होतं, पप्पांना माहीत आहे. सोमवारी ते कामावर होते, मम्मी दवाखान्यात गेली होती, घरी मी एकटी होते. एवढा हिशोब त्यांना लागला असणारच. ते मला वाचवतायत, असं मी धरून चालले. आणि ते काही बोलत नाहीत तोवर मी बोलायची गरज नाही, असंही. ती नोकरी मला लागली. मी गेले नाही. कारण विचारलं तर पप्पांना एकटं सोडवत नाही म्हणून सांगायचे, आणि लोक माझं कौतुक करायचे. ते ऐकताना मी चेहरा कसा ठेवत होते, आता आठवत नाही.

पप्पांनी रविवारची कामं सोडली. पंधराव्या दिवशी त्यांनी तो स्विच काढला, मोटरची वेगळी लाइन ओढली, जुन्या खड्ड्याशेजारी नवा खड्डा स्वतः खणला. ते रोज सकाळी त्यात एक बादली ओततात. पाणी असो वा नसो. गल्लीत यावरून बोलणं होत असावं, कारण एकदा काकू मला म्हणाल्या, वडलांना जरा बाहेर फिरवून आण गं. मामा आपल्यामुळं दुरावले हे पप्पांना सगळ्यात जास्त लागलं होतं. मम्मीला माहेरचं दुसरं कुणी नव्हतं, आणि सणाला मामांचा फोन आला नाही की पप्पा मोबाइल उलटा करून ठेवायचे.

गेल्या महिन्यात मामांच्या मुलाच्या लग्नाची पत्रिका आली. पाकिटावर फक्त माझं नाव होतं. मामी फोनवर म्हणाल्या, तू ये, एकटी ये, मामाला समजून घे. पप्पांनी पाकीट हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघितलं आणि मला परत दिलं. "जा तू. तुझ्या हक्काचं घर हाय." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ती असती तर कदाचित मी अजूनही काही केलं नसतं.

शनिवारी मी पप्पांना न सांगता करमाडला गेले. जालना रोडच्या बसमध्ये मी सगळं पाठ करत होते, आधी इंग्रजीत, मग मराठीत. मामा ओसरीवर चटई टाकून पत्रिकांवर नावं लिहीत बसले होते. मामींनी पाणी आणलं. ते पिण्याआधीच मी बोलले, कारण पिऊन झाल्यावर मला जमलं नसतं.

"मामा, तो स्विच मी विसरले होते. पप्पांनी नाही ठेवला."

मामांनी हातातलं नाव लिहून पूर्ण केलं. पेनला टोपण लावलं.

"बापानं धाडलं का तुला?"

मी नाही म्हणाले. त्यांना माहीतही नाही म्हणाले. मग सोमवारची मुलाखत, मोटर, मम्मी दारात येऊन काय म्हणाली, मी कसं हो म्हणाले, सगळं सांगितलं. आयुष्यात मी एकदम एवढं कधी बोलले नव्हते. मामी दाराला टेकून उभ्या होत्या आणि त्यांनी तोंडावर पदर धरला होता. मामांचा चेहरा मात्र अधिकच घट्ट होत गेला.

"आता लेकराच्या अंगावर ढकलायलाय," ते म्हणाले.

"कुणी ढकलत नाही मामा. खरंच मी."

"बरं, तू. केवढी होतीस तवा? बावीस?" त्यांनी पत्रिका बाजूला सारल्या. "माणूस विसरणारच. आमच्या कंपनीत मशीनच्या झाकणाला हात लावला की मशीन थांबती, का तर माणूस विसरतं म्हणून. हे त्याला ठावं नव्हतं का? त्याचंच काम हाय ते. विसरायची जागा त्यानं ठेवली."

ते बरोबर होतं. मी पप्पांचं ओझं उचलायला गेले होते आणि मामांनी ते माझ्याकडून काढून पुन्हा त्यांच्याच डोक्यावर ठेवलं. मामी मला स्टॉपपर्यंत सोडायला आल्या. बस येईपर्यंत त्यांनी माझा हात सोडला नाही. लग्नाला कोणती साडी नेसणार, असं त्यांनी विचारलं.

घरी आले तेव्हा पप्पा भेंडी चिरत बसले होते. शनिवारची सुट्टी असली की ते भाजी करतात. मी समोर बसले आणि सांगितलं की मी करमाडला जाऊन आले, आणि का गेले होते ते.

त्यांना माहीत नव्हतं.

हे माझ्या लक्षात यायला वेळ लागला. सुरी हातात तशीच धरून ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुठलं तरी जुनं गणित ते पुन्हा मांडत होते.

"ती दवाखान्यात गेलती सोमवारी?"

"हो. सव्वाचारला फोन आला तिला."

"अन् जाताना तुला सांगितलं. स्विच खाली कर म्हणून."

"हो."

"शब्द काय होते तिचे?"

मी ते शब्द सांगितले. त्यांनी पुन्हा सांगायला लावले. मग सुरी खाली ठेवली.

"मला वाटलं ती विसरली," पप्पा म्हणाले. "दोन वर्ष झाले, मला वाटायलंय, ती विसरली."

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. मंगळवारी सकाळी स्वयंपाकघरातला बल्बचा होल्डर बदलायला त्यांनी पेटी उघडली, तेव्हा स्विच वर दिसला. त्यांना मम्मीचा राग आला. एवढं एक काम आणि तेही हिला जमत नाही. हात पुढं झाला होता, पण त्यांनी तो मागं घेतला. खाली केला तर ती म्हणेल, मी केलाच होता. तिला आणून दाखवायचा, म्हणून त्यांनी तो तसाच वर ठेवला. ती तेव्हा अंघोळीला होती. तेवढ्यात नाक्यावर कंपनीची बस आली. संध्याकाळी दाखवू म्हणाले, आणि संध्याकाळी ते स्वतःच विसरले.

"साहेबांना मी खोटं नाय सांगितलं," ते म्हणाले. "वर मीच ठेवला. बघून ठेवला. अन् ती विसरली असं कागदावर यायला नको होतं. मेल्यावर लोक म्हणले असते, तिचीच चूक."

दोन वर्षं मला वाटत होतं की ते मला वाचवतायत. मी त्यांच्या हिशोबात नव्हतेच. ते तिला वाचवत होते, तिच्यावर रुसलेले असताना.

मी त्यांना म्हणाले, माझ्यामुळं झालं. ते म्हणाले, तुझ्यामुळं झालं, माझ्यामुळं झालं, ते आता राहू दे. ते मला समजावत नव्हते. त्यांचं लक्षच तिकडे नव्हतं. थोड्या वेळानं ते उठून अंगणात गेले आणि कूलर असायचा त्या रिकाम्या जागेत उभे राहिले. भेंडी मी चिरली.

रविवारी सकाळी त्यांनी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि मोटरसायकल काढली. कुठं चाललात, असं मी विचारलं नाही. ते दुपारी दोनच्या पुढं आले. चेहरा उन्हानं लाल झाला होता. मी पाणी दिलं आणि शेवटी विचारलंच.

"मामा भेटले?"

"होता घरीच."

"काय म्हणाले?"

"मी सांगितलं, तुमची बहीण विसरली नव्हती. पोरीला सांगून गेलती. अन् मी बघून सोडला, ते बी सांगितलं." त्यांनी पेला खाली ठेवला. "त्यानं दोनदा विचारलं, ती काय म्हणली होती. मी सांगितलं तिचं बोलणं. तुझ्यासारखंच सांगितलं."

"मग?"

"मग काय नाय. तो बसला, मी बसलो. तास-दीड तास बसलो असल. मामीनं चहा आणून ठिवला तो तसाच गार झाला. मी उठलो तर रस्त्यापर्यंत आला. गाडी चालू होस्तोवर थांबला."

लग्नाचं काही बोलणं झालं का, ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांनी हातपाय धुतले. आम्ही जेवायला बसलो. अर्धी भाकरी झाल्यावर ते मधेच म्हणाले, "तिच्या ध्यानात सगळं राहायचं."

मी हो म्हणाले. मग उठून त्यांना अजून थोडी भाजी वाढली.